दवाखाना दूर असेल तेव्हा हात आवरा

मे २०१२ मध्ये आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यातील सदिया भागात कोळ्यांची मोठी भीती पसरली. केसाळ कोळी वस्तीत शिरून माणसांना चावत असल्याच्या बातम्या देशभर गेल्या आणि दोन जणांच्या मृत्यूचे खापर या कोळ्यांवर फुटले. कोळ्यांच्या विषानेच ही माणसे दगावली, हे कधी सिद्ध झाले नाही. बातम्यांमध्ये आणखी एक तपशील होता, त्याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. दंश झालेल्यांपैकी काहींना आधी ओझाकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, नेले होते आणि तिथे पात्याने जखम चिरून ‘विषारी रक्त’ वाहू दिले होते. ज्या विषाची ताकद कोणालाच ठाऊक नव्हती, त्यावर असा इलाज झाला की ज्याचे दुष्परिणाम वैद्यकाला पुरते ठाऊक आहेत. दवाखाना हाताशी नसताना कोळी चावला तर काय करावे, या प्रश्नाची सगळी गोम इथे आहे. डॉक्टर दूर आहे म्हणून आपणच काहीतरी जालीम केले पाहिजे, असे घाबरलेल्या मनाला वाटते. उपलब्ध पुरावा नेमके उलट सांगतो. डॉक्टर जितका दूर, तितके उपचार कमी करावेत. जे करायचे ते पारखून घेतलेलेच करावे, आणि वाचलेली शक्ती रोग्यावर लक्ष ठेवण्यात व वेळेवर निघण्यात घालावी.

आधी धोका केवढा आहे ते पाहू. जगात कोळ्यांच्या ५०,००० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. बहुतेक सगळ्यांकडे विष असते, कारण भक्ष्याला लुळे पाडण्याचे तेच त्यांचे साधन आहे. पण माणसाला गंभीर इजा करू शकणारी कुळे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. काळी विधवा आणि तिचे भाऊबंद, अमेरिकेतील तपकिरी रेक्लूज व त्याचे नातलग, ऑस्ट्रेलियाचा फनेल-वेब, ब्राझीलचा भटका कोळी, एवढीच नावे पुन्हापुन्हा येतात. बाकीच्या बहुतेकांचे सुळे एकतर आपल्या कातडीत शिरत नाहीत, किंवा शिरले तरी सहसा गांधीलमाशीच्या डंखापेक्षा जास्त त्रास होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या कोळ्यांची जगभर धास्ती आहे. तिथे जेफ्री इस्बिस्टर आणि मायकेल ग्रे यांनी खात्रीच्या ७५० दंशांचा अभ्यास करून तो २००२ मध्ये प्रसिद्ध केला. खात्रीचे म्हणजे चावणारा कोळी पकडला गेला होता आणि तज्ज्ञाने तो ओळखला होता. त्यातल्या फक्त ४४ जणांना, म्हणजे शंभरात सहा जणांना, लक्षणीय त्रास झाला आणि त्यातही ३७ दंश एकट्या रेडबॅक या जातीचे होते. मांस सडून खड्डा पडल्याचे प्रकरण एकही नव्हते. कोळ्याच्या दंशाचे जे भयंकर फोटो मोबाइलवर फिरतात ते पाहणाऱ्याने हा शेवटचा आकडा विसरू नये.

अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका घराची गोष्टही या संदर्भात बोलकी आहे. २००१ मध्ये त्या घरातून सहा महिन्यांत २,०५५ तपकिरी रेक्लूज कोळी गोळा केले गेले. घरात चौघांचे कुटुंब वर्षानुवर्षे राहत होते आणि त्यांच्यापैकी कोणालाही दंशाचा त्रास झालेला नव्हता. कीटकशास्त्रज्ञ रिक व्हेटर यांनी ही नोंद प्रसिद्ध केली, कारण जिथे हा कोळी सापडतच नाही अशा राज्यांतले डॉक्टरही दर वर्षी शेकडो जखमा त्याच्या नावावर टाकत होते. मग त्या जखमा होत्या कशाच्या? दक्षिण कॅलिफोर्नियात ‘मला कोळी चावला’ म्हणून आपत्कालीन विभागात आलेल्या १८२ रुग्णांची तपासणी झाली तेव्हा खरा दंश फक्त सात जणांना निघाला. बहुतेकांना त्वचेचा जंतुसंसर्ग झालेला होता आणि त्याला प्रतिजैविकाची गरज होती. आपल्याकडेही अंगावर फोडांची रांग उठली की ‘रात्री अंगावरून कोळी गेला असेल’ असे सहज म्हटले जाते. ती पुष्कळदा नागीण असते, किंवा पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा एखादा किडा अंगावर चिरडल्याने उठलेली असते. चुकीचे निदान निरुपद्रवी नसते. कोळ्याच्या नावाखाली पू झालेली जखम आठवडाभर घरी लेप लावून ठेवली जाते, आणि मधुमेही माणसाच्या बाबतीत एवढा उशीर पाय गमावण्यापर्यंत नेऊ शकतो.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो मनापासूनचा असतो. ‘आमच्या गावचा भगत मंत्र घालतो, पाला चोळतो आणि माणूस उठून घरी जातो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.’ पाहिलेले खोटे नाही. पण शंभरातले नव्वदाहून अधिक दंश आपोआप बरे होणार असतील, तर त्या शंभरांवर काहीही केले तरी नव्वदाहून अधिक यश मिळणारच. पाला चोळा, मंत्र घाला, किंवा नुसते पाणी शिंपडा. उपाय खरा की खोटा हे ठरवायचे तर उपाय केलेले आणि न केलेले असे दोन्ही गट समोर ठेवून तुलना करावी लागते. ही चूक फक्त खेड्यात होते असेही नाही. १९८६ मध्ये इक्वेडोरमध्ये काम करणाऱ्या डॉक्टरांचे एक पत्र ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. सर्पदंशाच्या जागी विजेचे झटके दिले की रोगी बरा होतो, असा त्यांचा अनुभव होता. तुलनेसाठी गट नव्हता. तरीही त्या पत्राच्या आधाराने झटके देणारी उपकरणे विकली गेली आणि लोकांनी ती कोळ्याच्या दंशावरही वापरली. पुढे प्राण्यांवर नीट प्रयोग झाले तेव्हा झटक्यांचा काडीचाही उपयोग दिसला नाही. डॉक्टर फसू शकतात तर भगत फसला यात त्याच्या बुद्धीचा कमीपणा नाही. पण अनुभव प्रामाणिक आहे म्हणून उपाय खरा ठरत नाही, आणि चिरा मारलेल्या हाताला होणारा धनुर्वात प्रामाणिकपणा पाहून मागे फिरत नाही.

प्रचारातल्या उपायांची तपासणी एकेक करून करता येते. चिरा मारण्यामागे समज असा की विष जखमेत साठून राहिलेले असते आणि रक्ताबरोबर ते बाहेर येईल. कोळ्याच्या दंशातले विष थेंबाच्या लहानशा अंशाएवढे असते, ते ऊतकांत मुरते, आणि पाते फिरवून ते शोधता येत नाही. कापल्या जातात त्या शिरा आणि स्नायूंचे दोर. पंपाने विष ओढण्याचा प्रयोग अमेरिकेत २००४ मध्ये माणसांवरच करून पाहिला गेला. स्वयंसेवकांच्या पायात विषासारखा निरुपद्रवी द्रव टोचला आणि बाजारातला ओढपंप लावला. टोचलेल्यापैकी बाहेर आलेले प्रमाण होते ०.०४ टक्के, म्हणजे दहा हजारात चार भाग. आवळपट्टी बांधण्यात आणखी मोठा धोका आहे. रक्तपुरवठा तोडल्याने अवयव काळानिळा पडतो, आणि तासाभराने ती सोडली की कोंडलेले सगळे एकदम अंगात जाते. डाग देणे, चुना किंवा बिब्बा लावणे, रॉकेल चोळणे यांनी भाजल्याची एक नवी जखम तयार होते, आणि पुढे डॉक्टरला मूळ दंश कुठला व भाजलेले कुठले हे कळत नाही. दारू पाजल्याने माणसाची शुद्ध मंदावते, मग विषाची लक्षणे कोणती आणि नशेची कोणती हा घोळ होतो. यापैकी एकाही उपायाच्या बाजूने टिकणारा पुरावा नाही, आणि नुकसान मात्र प्रत्येकाचे नोंदलेले आहे.

‘म्हणजे प्रथमोपचार हे थोतांडच आहे का?’ असे कोणी विचारील. अजिबात नाही, आणि याचे सर्वांत चांगले उत्तर सिडनीत मिळते. सिडनी फनेल-वेब हा माणसाला मारू शकणारा कोळी आहे यात शंका नाही. प्रतिविष येण्यापूर्वी या कुळाने घेतलेल्या १३ बळींची नोंद आहे, आणि विषाची लक्षणे बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुरू होतात. तोंडाभोवती मुंग्या, घामाच्या धारा, तोंडातून लाळ, स्नायूंची थरथर, मग फुफ्फुसात पाणी. मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीजमध्ये स्ट्रुआन सदरलँड यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले की दंशाच्या जागेपासून सुरुवात करून सगळा हात किंवा पाय रुंद पट्टीने, मुरगळल्यावर बांधतो तेवढ्या दाबाने गुंडाळला, फळीचा आधार देऊन तो निश्चल ठेवला आणि रोग्याला चालू दिले नाही, तर विष अंगात पसरण्याचा वेग खूप मंदावतो. फनेल-वेबचे विष तर असे एका जागी अडकून पडले की काही प्रमाणात निकामीही होते. ही पट्टी आवळपट्टी नव्हे. तिच्यात रक्तवाहिन्यांचा प्रवाह थांबत नाही. पुढे १९८१ मध्ये सदरलँड यांचेच प्रतिविष वापरात आले आणि त्यानंतर फनेल-वेबच्या दंशाने मृत्यू झाल्याची नोंद नाही.

या उदाहरणाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. त्याच ऑस्ट्रेलियात, त्याच प्रथमोपचाराच्या नियमावलीत, रेडबॅक चावल्यास दाबपट्टी बांधू नये असे लिहिले आहे. काळ्या विधवेच्या कुळातल्या या कोळ्याचे विष सावकाश पसरते, मृत्यू अतिशय विरळ असतो, आणि पट्टीने असह्य वेदना मात्र आणखी वाढते. तिथे सांगितले जाते ते कापडात गुंडाळलेला बर्फ लावायला आणि वेदनाशामक गोळी द्यायला. एवढेच काय, रेडबॅकवरचे १९५६ पासून दिले जाणारे प्रतिविषसुद्धा २२४ रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीत तपासले गेले, आणि साध्या वेदनाशामकांच्या जोडीला दिलेल्या खोट्या इंजेक्शनपेक्षा ते लक्षणीय सरस ठरले नाही. हा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. इतक्या वर्षांचे रूढ, सरकारमान्य, प्रयोगशाळेत तयार झालेले प्रतिविषही पुन्हा पारखून घेणारी ही वृत्ती आपण घ्यायला हवी. तिथली पट्टी डोळे झाकून उचलून सह्याद्रीत वापरू नये. आपल्याकडे फनेल-वेब नाही.

मग आपल्याकडे आहे काय? काळ्या विधवेच्या कुळातला कोळी भारतात आहे; गुजरातेत कापसाच्या शेतात त्याची नोंद झालेली आहे. पश्चिम घाटात जुन्या झाडांच्या ढोलीत पोसिलोथेरिया या कुळातले मोठे, देखणे, केसाळ कोळी राहतात. त्यांचा दंश युरोपातल्या हौशी कोळीपालकांमुळे चांगला अभ्यासला गेला आहे, कारण असे कोळी तिकडे घरी पाळले जातात. दुखते खूप, आणि काहींना काही दिवसांनंतरही अंगभर पेटके येत राहतात. पण या दंशाने मृत्यू झाल्याची नोंद नाही. कोळ्याच्या विषावरचे प्रतिविष भारतात तयार होत नाही, म्हणून ‘इंजेक्शन कुठे मिळेल’ या शोधात वेळ घालवण्यात अर्थ नाही. डॉक्टरकडे जायचे ते श्वास, रक्तदाब, वेदना आणि पेटके सांभाळून घेण्यासाठी, आणि अर्थात आपले निदान चुकलेले असेल तर ते दुरुस्त करून घेण्यासाठी.

आता दवाखाना खरोखरच चार-सहा तासांवर आहे असे धरू. पावसाने ओढा भरलेला आहे, पाड्यावर गाडी नाही, किंवा माणूस गडावर मुक्कामाला आहे. पहिले काम कोळ्यापासून बाजूला होणे आणि रोग्याला बसवून धीर देणे. धीर देणे ही उपचाराची खरीखुरी पायरी आहे, कारण घाबरलेल्या माणसाची छाती धडधडते, हातपायांना मुंग्या येतात, घाम फुटतो, आणि ती विषाचीच लक्षणे वाटू लागतात. जखम साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावी. सूज चढण्याआधी अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण काढून घ्यावेत. नंतर ते कापावे लागतात. ओल्या गार फडक्याने किंवा कापडात गुंडाळलेल्या बर्फाने दहा-दहा मिनिटे शेकावे, उघडा बर्फ कातडीवर ठेवू नये. दुखत असेल तर वजनाच्या हिशेबाने पॅरासिटामॉल द्यावे. लाली जिथवर आहे तिथे पेनाने रेघ ओढून शेजारी वेळ लिहावी आणि दर तासाला पुन्हा पाहावे. ही साधी रेघ पुढे डॉक्टरला दहा प्रश्नांची उत्तरे देते. कोळी चिरडला गेला असेल तर डबीत घालून न्यावा, जिवंत असेल तर त्याच्या मागे लागू नये, मोबाइलवर फोटो पुरे. धनुर्वाताचे इंजेक्शन लांबले असेल तर ते एक-दोन दिवसांत घ्यावे. एवढे झाले की आपले काम लक्ष ठेवण्याचे.

लक्ष कशावर ठेवायचे हे ठाऊक असणे, सगळ्या लेप-पाल्यांपेक्षा मोलाचे आहे. दुखणे दंशाच्या जागेवरून वर सरकत पोटात, पाठीत, छातीत गेले, पोट दगडासारखे कडक झाले, दंशाभोवती किंवा सर्वांगाला घाम फुटू लागला, उलट्या झाल्या, श्वास जड झाला, लाळ गळू लागली, तर कोणत्याही अडचणीत निघायचे. जखमेचा मध्य निळा-काळा पडून पसरू लागला, ताप आला, लघवी चहासारखी काळपट झाली, तरी निघायचे. लहान मूल, गरोदर बाई, म्हातारा माणूस आणि हृदयरोगी यांच्यासाठी लक्षणांची वाटच पाहायची नाही. मूल रडून रडून अचानक गप्प झाले, हातपाय गार पडले, तर ते शांत झाले असे समजू नये. आणि दोन-चार तास असे काहीही झाले नाही, तर बहुधा काही होणारही नाही. जखम कोरडी ठेवून, खाजवू न देता, दोन-तीन दिवस पाहत राहायचे.

आता दुसरा आणि अधिक गंभीर आक्षेप. ‘शहरात बसून हात आवरा म्हणणे सोपे आहे. डोळ्यांसमोर पोर तळमळत असताना नुसती रेघ ओढून बसायचे?’ ही तळमळ मी हलकी मानत नाही. पण वर सांगितलेली कामे पाहा. धुणे, दागिने काढणे, गार ठेवणे, गोळी देणे, तासातासाला तपासणे, लिहून ठेवणे, वाहनाची सोय पाहणे. याला स्वस्थ बसणे कोण म्हणेल? यात तीन माणसांना पुरेल एवढे काम आहे. फरक इतकाच की यातल्या कोणत्याही कामाने रोग्याची स्थिती बिघडत नाही. रोगी दवाखान्यापासून सहा तास दूर असतो तेव्हा चिरलेल्या शिरेतून वाहणारे रक्त थांबवणारेही कोणी सहा तासांच्या आत नसते. शहरात जी चूक डॉक्टर टाके घालून सावरू शकतो, ती पाड्यावर सावरता येत नाही. म्हणून दुर्गम भागात संयमाची गरज शहरापेक्षा जास्त आहे.

महाराष्ट्राच्या वाचकाला यापेक्षाही निकडीची एक गोष्ट सांगायची आहे. आपल्याकडे ‘कोळी चावला असेल’ या समजुतीत जीव जातो तो बहुधा कोळ्यामुळे नाही. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश जवळजवळ दुखत नाही, सूज नसते, दातांच्या खुणा दिसतही नाहीत. माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, घरचे म्हणतात किडा-कोळी चावला असेल, ओवा द्या. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो, आणि श्वासाचे स्नायू थकतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली असावीत, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्याआधीच्या, २०११ च्या अभ्यासात दिसले की मेलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक माणसे दवाखान्याबाहेर गेली आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळ्यात झाले. कोळ्याला आपल्या डोळ्यांनी चावताना पाहिले नसेल, तर रात्रीचा अनोळखी दंश सापाचा धरून चालावे आणि लक्षणांची वाट न पाहता निघावे. इथे मी वर सांगितलेला ‘दोन-चार तास पाहा’ हा नियम लागू होत नाही. उगाच केलेल्या फेरीत एक रात्र आणि गाडीभाडे जाईल. न केलेल्या फेरीत काय जाईल हे सांगायला नको.

विंचवाबद्दल तर महाराष्ट्राने जगाला शिकवले आहे, आणि ती हकिगत याच मुद्द्याला बळ देते. कोकणातला लाल विंचू एकेकाळी दंश गंभीर झालेल्या शंभरातल्या तीसेक जणांचा जीव घेई. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्यांनी नवनवे उपाय आजमावत बसण्याआधी रोग्यांच्या उशाशी बसून कोणाला घाम येतो, कोणाचे हातपाय गार पडतात, कोणाच्या फुफ्फुसात पाणी भरते, हे तासातासाने टिपले. त्या निरीक्षणांतून विषाची कार्यपद्धती उलगडली. विष शरीरातली ताण वाढवणारी संप्रेरके उधळते, रक्तदाब भडकतो आणि हृदय थकते. मग त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त, तोंडाने द्यायची गोळी वापरली. मृत्यूचे प्रमाण शंभरात एक-दोनावर आले. महाडच्या या डॉक्टरांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. हा उपाय सापडला तो साधनांची वानवा असलेल्या ठिकाणी, आणि सापडला तो पाहणे, नोंदणे, तुलना करणे या शिस्तीतून. ही गोळी घरच्या घरी देण्याची मात्र नाही. तिने रक्तदाब एकदम कोसळू शकतो. पण ती तालुक्याच्या मोठ्या रुग्णालयाची वाट न पाहता सर्वांत जवळच्या आरोग्य केंद्रात मिळायला हवी, हा बावस्करांच्या कामाचा व्यावहारिक अर्थ आहे.

कोणी म्हणेल की आरोग्य केंद्राला कुलूप असते, औषध संपलेले असते, मग माणूस भगताकडे जाणार नाही तर कुठे जाईल? हा आक्षेप पूर्ण खरा आहे आणि त्याचे उत्तर लोकांना उपदेश करून देता येत नाही. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाबाबत राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद बंधनकारक करण्याची सूचना राज्यांना दिली. या यंत्रणेतच विंचू आणि कोळी यांचे दंश बसवणे अवघड नाही. कोणता प्राणी, किती वाजता, आधी काय इलाज केला, दवाखान्यात किती तासांनी पोचला, एवढे चार रकाने जरी भरले गेले तरी पाच वर्षांत महाराष्ट्राकडे स्वतःचा पुरावा जमा होईल आणि सिडनीचे आकडे उसने घ्यावे लागणार नाहीत. भगताला बाजूला सारूनही हे काम होणार नाही. पाड्यावर पहिला निरोप त्याला जातो, लोकांचा त्याच्यावर विश्वास आहे. त्याने मंत्र जरूर म्हणावा, पण पाते आणि आवळपट्टी बाजूला ठेवावी आणि धोक्याचे लक्षण दिसताच ‘आता निघा’ हे त्याच्या तोंडून यावे. आशाताई आणि भगत एकाच बैठकीत बसवून ही लक्षणे शिकवणे कोणत्याही तालुका आरोग्य अधिकाऱ्याला जमण्यासारखे आहे. त्यासाठी नवा निधी लागत नाही.

पावसाळा तोंडावर असताना प्रत्येक वाडी-पाड्याने ग्रामसभेत तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात: रात्री-बेरात्री १०८ ची गाडी पोचली नाही तर गाडी कोणाची काढायची, ओढा भरला तर रोग्याला झोळीतून कोणत्या वाटेने न्यायचे, आणि सर्पदंशाचे प्रतिविष सर्वांत जवळ कोणत्या दवाखान्यात आज खरोखर शिल्लक आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरपंचांनी स्वतः जाऊन, डोळ्यांनी पाहून आणावे.